बॅटरी हलवू नका

गुरुवारी पहाटे रेमेच्या गाडीने शेवटची परीक्षा पास केली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या भावाने सगळ्यावर पाणी फिरवलं. मधला पूर्ण दिवस रेमेदिओस बाराहास पिस्त्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून किडके दाणे वेचत होती आणि चक्क गुणगुणत होती. शेजारच्या बायकांनी विचारलंही, काय गं, पन्नाशीत कुठे लग्नबिग्न ठरवलंस की काय. रेमे म्हणाली, त्याहून चांगलं ठरलंय, उद्या गाडी तपासणीला जातेय. यावर त्या इतक्या हसल्या की मुकादमाला येऊन बघावं लागलं.

त्यांना हसायला काय जातं! नोव्हेंबरात याच कारखान्याच्या आवारातून कुणीतरी रेमेच्या जुन्या चौकोनी गाडीच्या पोटाखालचा, धूर गाळणारा डबा आतल्या महागड्या धातूसाठी करवतीने कापून नेला होता. भरदिवसा. नवा डबा बसवला, पण कॅलिफोर्नियात नुसता डबा बसवून सुटका होत नाही. धुराची तपासणी पास झाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे चालू होत नाही, आणि तपासणी करणारा माणूस धूर हुंगायच्या आधी गाडीच्या मेंदूला, म्हणजे आतल्या संगणकाला, यंत्र जोडून विचारतो: बाबा रे, तू आपल्या परीक्षा घेतल्यास का? गाडीचा मेंदू स्वतःच स्वतःच्या पाच परीक्षा घेत असतो. दुरुस्तीत त्याची आठवण पुसली गेली की पाचही परीक्षा कोऱ्या होतात आणि गाडी कितीही नीट असली तरी तिला घरी पाठवतात. रेमेला तसं दोनदा पाठवलं होतं.

तपासणी केंद्राचा मालक लॉर म्हणून, लाओसकडून आलेल्या ह्मोंग जमातीतला एक गृहस्थ होता. बोलायला कोरडा, मनाने बरा. "बाई, माझं तुमच्या गाडीशी वैर नाही," तो दुसऱ्या खेपेला म्हणाला होता, "मशीन नाही म्हणालं की मी नाही म्हणतो. टाकीच्या वाफेची परीक्षा राहिली तर चालते. बाकीच्या चार पाहिजेत. हा कागद घ्या, फ्रिजवर लावा, आणि जपमाळेसारखा रोज वाचा." कागदावर लिहिलं होतं: गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी सुरू करून अडीच मिनिटं नुसती उभी ठेवा, हीटर लावू नका. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचावन्न मैलांचा वेग, दहा मिनिटं, काटा हलता कामा नये. मग पाय उचला आणि ब्रेकला न शिवता गाडी वीसपर्यंत आपोआप येऊ द्या. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत: बॅटरी हलवू नका. त्याखाली लॉरने पेनाने दोन रेघा मारल्या होत्या, कारण बॅटरीची तार निघाली की मेंदू पुन्हा कोरा.

रेमेला गाडी हवी होती ती मायतेसाठी. मायते तिची भाची, सहा वर्षांची, भाऊ एलिसेओची मुलगी. आई दोन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर एलिसेओने बाटली जवळ केली आणि एका दुपारी, पोरीला मागच्या सीटवर घेऊन, गाडी कालव्याच्या कठड्यावर घातली. पोरीचा हात मोडला, बाप चौदा महिने तुरुंगात गेला, आणि मायते बेकर्सफील्डला परक्या माणसांच्या घरी. आता ती माणसं घर बदलत होती, आणि सोमवारी मायतेला आणखी दुसऱ्या परक्यांकडे, पार उत्तरेला, आठ तासांच्या अंतरावर पाठवायचं ठरलं होतं. आत्याकडे यायची एकच वाट उरली होती. काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या, बालकल्याण अधिकारी मिसेस डिग्बी यांनी रेमेचं घर पाहिलं, खोली पाहिली, दात सोडून सगळं तपासलं, आणि यादीत दोनच गोष्टी ठेवल्या: शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत नोंदणी चालू असलेली गाडी, आणि कोर्टाच्या हुकुमानुसार बाप त्या घरात राहता कामा नये.

बाप सप्टेंबरात सुटल्यापासून रेमेच्या सोफ्यावर झोपत होता. मायते आली की त्याला जायचं होतं. हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

तर गुरुवारी संध्याकाळी मैत्रिणीच्या गाडीतून रेमे उतरली आणि बघते तो काय, अंगणात तिच्या गाडीचं बॉनेट उघडं, आणि एलिसेओ फडक्याला हात पुसत उभा.

"बघ तर खरं!" तो म्हणाला. "नवी कोरी. दुकानातून आणली."

आत नवी बॅटरी चकाकत होती. जुनी जमिनीवर पडली होती.

"जुनी मरायला टेकली होती, रेमे. उद्या लॉरच्या दारात सुरूच झाली नसती म्हणजे?"

"तारा काढल्यास?" रेमेने विचारलं.

"मग? तारा न काढता बॅटरी कशी बदलतात?"

एलिसेओ टायरच्या दुकानात कामाला होता. तिथून मागून आणलेलं हातभर वायरचं तपासणी यंत्र गाडीतच होतं. रेमेने ते स्टिअरिंगखाली जोडलं आणि किल्ली अर्धी फिरवली. पाच ओळी आल्या. अपुरी, अपुरी, अपुरी, अपुरी, अपुरी. सकाळी त्यांतल्या चार ओळींपुढे "तयार" होतं. ती कितीतरी वेळ त्या पाच ओळींकडे बघत राहिली, जणू जास्त वेळ पाहिल्यावर एखादीला दया येईल.

ती ओरडेल असं एलिसेओला वाटलं असणार. तो मान खाली घालून तयारच होता. पण रेमे ओरडली नाही. ती मायतेसाठी तयार केलेल्या छोट्या खोलीत गेली, पलंगावरची घडी घातलेली चादर उलगडली, पुन्हा घडी घातली. मग उशीचा अभ्रा काढला आणि पुन्हा घातला. एलिसेओ दाराशी येऊन उभा राहिला.

"रेमे, काहीतरी बोल ना."

तिने पुन्हा चादर उलगडली. तिची घडी हातात नीट बसेना, तेव्हा तो निघून गेला.

पहाटे पाचला दारावर टकटक झाली. दालचिनी घातलेल्या कॉफीचा कप हातात घेऊन एलिसेओ उभा होता, अंगात जाकीट, डोक्यावर टोपी.

"उठ. गाडी रात्रभर गार झालीय. तीनला दहा तास आहेत. एका दिवसात होऊ शकतं."

"मागच्या वेळी पाच दिवस लागले."

"तेव्हा तू एकटी होतीस. चालवायचं की काटा बघायचा की यंत्र बघायचं? आज तू चालव, मी वाचतो." त्याचा परवाना कोर्टाने काढून घेतलेला होता, स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती.

रेमेने कपाटातून शाल घेतली. रागाचं पुढे बघू, असं तिने मनाशी ठरवलं.

बाहेर धुकं होतं. या खोऱ्यात हिवाळ्यात धुकं पडतं म्हणजे समोरच्या घराचा दिवाही दिसत नाही. दोघं गाडीत बसले. रेमेने छातीवर क्रॉसची खूण केली, किल्ली फिरवली, आणि पाय उचलून अडीच मिनिटं नुसती बसली. हीटर बंद. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि काचेवर जमत होती.

"तार गरम होण्याची परीक्षा," एलिसेओ यंत्रावर वाकून म्हणाला. "तयार! बघ, एक आली."

"एक आली म्हणून नाचायला नको."

आठपर्यंत गल्लीबोळांत वेग वाढवून, कमी करून, धूर परत फिरवणारी झडपही पास झाली. दोन राहिल्या, प्राणवायू मोजणारी नळी आणि तो नवा डबा. त्या दोन्ही परीक्षांना पंचावन्नचा वेग हवा होता, आणि महामार्गावर त्या सकाळी पंचावन्न मागणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. पोलिसांची एक गाडी दिवे लावून पुढे चालली होती आणि तिच्यामागे शे-दीडशे गाड्यांची रांग, सगळ्या तीस मैलांवर, शाळेतल्या पोरांसारख्या. धुक्यात साखळीने अपघात होऊ नयेत म्हणून पोलीस असं करतात. बरोबरच करतात. पण रेमेला त्या क्षणी त्या दिव्यांवर दगड घालावासा वाटला.

"या वेगाने गेलो तर मायतेच्या लग्नाला परीक्षा पूर्ण होतील," एलिसेओ म्हणाला.

"तुझं तोंड बंद ठेव."

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. एका फाट्यावरून परत, दुसऱ्या फाट्यावर पुन्हा. एकदा समोरून आलेला ट्रॅक्टर हातभर अंतरावर दिसला आणि रेमेने इतका जोरात ब्रेक दाबला की यंत्र एलिसेओच्या मांडीवरून खाली पडलं. तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली. नोंदणीशिवाय गाडी चालवायच्या तात्पुरत्या परवान्याचा, समोरच्या काचेला चिकटवलेला कागदही आज रात्रीच संपत होता.

"टेकड्या," एलिसेओ एकदम म्हणाला.

"काय?"

"पश्चिमेला. केटलमनच्या टेकड्या. धुकं वरपर्यंत चढत नाही, तळाशीच साचतं. वर ऊन असेल. रस्ता मोकळा, सरळ."

"चाळीस मैल धुक्यातून?"

"तीसच्या वेगाने दीड तास. वर साडेअकरा. परत यायला दीड तास. बसतं, रेमे. बसवूया."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दाढीची खुंटं वाढलेली, डोळे लाल. सप्टेंबरपासून त्याने एक थेंबही घेतला नव्हता, हे तिला ठाऊक होतं, तरी सवयीने तिने श्वास हुंगला. कॉफीचाच वास होता. तिने गाडी पश्चिमेला वळवली.

दीड तासात दोघं दहा वाक्यंही बोलले नसतील. रेमे रस्त्याची पांढरी रेघ धरून चालवत होती. एलिसेओ काच खाली करून डोकं बाहेर काढत होता आणि "ये, ये, मोकळंय" म्हणत होता. मग रस्ता चढू लागला, धुक्याचा रंग राखाडीवरून पांढरा झाला, आणि एका वळणानंतर ते मागे राहिलं. निळं आकाश, पिवळं गवत, आणि समोर मैलोन्‌मैल सरळ रस्ता. डोळ्यांवर ऊन आलं तसं रेमेच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

"धर," एलिसेओ म्हणाला. "पंचावन्न. धर आणि सोडू नको."

तिने काटा पंचावन्नवर आणला. एक मिनिट. दोन. पाय इतका स्थिर धरला की पोटरीत गोळा आला. एलिसेओ एका डोळ्याने काटा आणि एका डोळ्याने यंत्र बघत होता. चार मिनिटं. सहा. "नळी तयार!" तो ओरडला. "रेमे, नळी आली! एकच राहिली. सोडू नको!" सात. आठ. आणि आठव्या मिनिटाला डाव्या बाजूच्या शेतरस्त्यावरून एक पाण्याचा टँकर, इकडेतिकडे न बघता, त्यांच्या पुढ्यात आला.

ब्रेक दाबावाच लागला. वेग पंधरावर आला. टँकरवाल्याने खिडकीतून हात काढून प्रेमाने माफी मागितली.

रेमेने गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि कालपासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"तू मुद्दाम केलंस."

एलिसेओने यंत्राची वायर बोटाला गुंडाळली.

"ती आली की तुला सोफा सोडावा लागेल. म्हणून केलंस. बॅटरी मरायला टेकली म्हणे! चार वर्षं त्या बॅटरीवर गाडी थंडीत सुरू होतेय. तुला तुझी पोरसुद्धा नकोय, तुला फक्त माझ्या घरात कोपरा हवाय, आयतं जेवण हवंय, आणि तुझ्या पापाची मी आठवण नको काढायला, एवढंच हवंय तुला!"

"वाजले किती?" एलिसेओने विचारलं. आवाज अगदी खालचा.

"बोल ना! खोटं असेल तर खोटं म्हण!"

"बारा वाजलेत," तो म्हणाला. "आणखी एकच वेळ मिळेल. फिरव गाडी. उतरणीवरून सुरुवात कर, मागचा रस्ता दूरवर दिसतो. पुढे बघ, माझ्याकडे नको."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते शालीला पुसलं आणि गाडी फिरवली.

दुसऱ्या खेपेला तिने श्वासही मोजून घेतला. पाच मिनिटं गेली. आठ गेली. नऊला मागे आरशात एक मोठा ट्रक दिसला. संत्र्यांच्या पेट्या लादलेला. जवळ जवळ येत होता.

"दहा झाली," एलिसेओ म्हणाला. "आता पाय उचल. ब्रेकला शिवू नको."

"मागे ट्रक आहे!"

"मला दिसतोय. उचल."

तिने पाय उचलला. पन्नास. पंचेचाळीस. ट्रकने भोंगा वाजवला. समोरून गाड्यांची रांग येत होती, त्यामुळे त्याला पुढे काढता येईना. चाळीस. भोंगा आता सतत वाजत होता, आरशात फक्त त्याची जाळी आणि दिवे होते. एलिसेओने आपल्याकडची काच खाली केली, कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि दोन्ही हात खाली-वर करत ट्रकवाल्याला हळू, हळू अशी विनवणी करू लागला. टोपी उडून गेली. तो काहीतरी ओरडत होता, वाऱ्यात रेमेला त्यातलं एवढंच कळलं: "माझी पोर! माझी पोर!"

पस्तीस. तीस. पाय ब्रेककडे आपोआप जात होता, रेमेने तो डाव्या पायाने दाबून धरला. पंचवीस. बावीस. वीस. ट्रक मागे हातभरावर धापा टाकत चालला होता. मग समोरचा रस्ता मोकळा झाला, ट्रकवाला बाजूने गेला, आणि जाताना त्याने ज्या शिव्या दिल्या त्या रेमेने आयुष्यात प्रथम आनंदाने ऐकल्या.

एलिसेओ आत आला. केस विस्कटलेले, ओठ निळे. त्याने यंत्र उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"वाच," रेमे म्हणाली.

त्याने बाहीने यंत्राचा पडदा पुसला.

"एलिसेओ, वाच!"

"तयार," तो म्हणाला. "चारही."

परतीच्या वाटेवर धुकं पातळ झालं होतं, तरी पावणेदोन तास लागले. गाडी बंद पडू नये म्हणून रेमे देवाला आणि एलिसेओ बॅटरीला जपत होता. दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी लॉरच्या केंद्रात शिरली.

लॉर नूडल्स खात होता. त्याने वाटी बाजूला ठेवली, काही न विचारता यंत्राची वायर जोडली आणि पडद्याकडे बघत राहिला. रेमे तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. लॉर चाकांवर सरकणाऱ्या आरशाने गाडीच्या पोटाखाली बघून आला, टाकीचं झाकण तपासलं, काहीतरी टाइप केलं. छपाईचं यंत्र खरखरलं.

"टाकीची वाफ राहिलीय," तो म्हणाला.

रेमे पुन्हा खुर्चीवरून उठली.

"पण ती चालते, सांगितलं होतं ना तुम्हाला. पास." त्याने कागद पुढे केला. "नोंदणीच्या कचेरीत आपोआप कळलंय. बाकी तुमचं सगळं भरलेलं आहे, आता गाडी कायदेशीर झाली. बसा, पाणी प्या, रंग उडालाय तुमचा."

रेमेने लॉरचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मग एलिसेओला सांगायला बाहेर धावली. तो गाडीच्या मागे उभा होता. डिकी उघडी होती आणि त्याच्या हातात त्याची कपड्यांची पिशवी होती. पहाटे पाचच्याही आधी, रेमे झोपेत असतानाच, त्याने ती भरून डिकीत ठेवली असली पाहिजे.

"पास?" त्याने विचारलं.

"पास. कुठे चाललास?"

"दुकानाच्या माळ्यावर खाट आहे. काल रात्रीच मालकाला विचारलंय." त्याने पिशवी खांद्याला लावली. मग खाली बघत म्हणाला, "तू टेकडीवर म्हणालीस ते खरं आहे."

"मी रागाने बोलले रे—"

"नाही. ऐक. फ्रिजवरचा कागद मी वाचला होता. रोज सकाळी वाचत होतो, कॉफी पिताना. बॅटरी हलवू नका. मला ठाऊक होतं काय होईल ते." त्याने पिशवीचा पट्टा सरळ केला. "तिच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटते, रेमे. आणि ती उत्तरेला गेली असती तर मला कुणी विचारलं नसतं, का भेटला नाहीस म्हणून. मला वाटलं, तू ओरडशील, मला हाकलशील, आणि सगळं संपेल. पण तू ती चादर घेऊन बसलीस, मग मला राहवेना."

रेमेने त्याच्या खांद्यावर गुद्दा मारला. जोरात, सगळ्या ताकदीने, जसा लहानपणी मारायची. दुसरा मारला. तो हलला नाही. तिसऱ्यासाठी उगारलेला हात खाली येईना. आत लॉरने नूडल्सची वाटी उचलली आणि सभ्यपणे पाठ फिरवली.

"जा," एलिसेओ म्हणाला. "अडीच वाजले. ती बाई वेळेची पक्की आहे."

"फोन केला की उचलायचा," रेमे म्हणाली. "कळलं ना, गाढवा? पहिल्या घंटीला उचलायचा."

त्याने मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेला. दोन मिनिटांत तो धुक्यात दिसेनासा झाला.

मिसेस डिग्बी तीनला पाच कमी असताना आल्या. त्यांनी लॉरचा कागद वाचला, अंगणात जाऊन गाडीचा क्रमांक जुळवला, मागच्या सीटवरची मुलाची खुर्ची हलवून घट्ट आहे का ते पाहिलं. आत येऊन सोफ्याकडे नजर टाकली.

"मुलीचे वडील?"

"इथे राहत नाहीत."

"कधीपासून?"

"आजपासून."

"तुम्ही जायला सांगितलंत?"

"नाही," रेमे म्हणाली. "तोच गेला."

मिसेस डिग्बींनी ते लिहून घेतलं आणि सही करायला जागा दाखवली. रेमेने सही केली. सही झाल्यावर त्या बाईच्या चेहऱ्यावरचा सरकारीपणा थोडा सैल झाला. त्यांनी बेकर्सफील्डला फोन लावला, दोन शब्द बोलल्या, आणि फोन रेमेच्या हातात दिला.

"तिया?" पलीकडून मायतेचा आवाज आला. आत्याला ती स्पॅनिशमध्ये तिया म्हणायची. "तू मला घ्यायला येणार?"

"सोमवारी. सकाळी दहाला. तुझ्या बाहुलीला सांगून ठेव."

"गाडीतून?"

अपघातानंतर मायते गाडीत बसताना दाराची कडी धरून बसते, हे रेमेला माहीत होतं. "गाडीतून," ती म्हणाली. "मी चालवणार. हळू चालवणार."

"पण ती तर मोडलेली होती. तू म्हणाली होतीस."

"होती. आता नीट झाली."

"कोणी नीट केली?"

मिसेस डिग्बी कागद पिशवीत भरत होत्या. रेमेने खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि मग तिला कळलं की हे खोटं नाही.

"तुझ्या पप्पाने," ती म्हणाली.

पलीकडून मायतेचा श्वास तेवढा ऐकू येत होता. रेमेने फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"बरं," मायते म्हणाली. "मग मी बसेन."